खोटे खेळ ओळखावे कसे?

रत्नागिरी जिल्हा एके काळीं मनिऑर्डरींचा जिल्हा म्हणून ओळखला जाई. घरचा कर्ता पुरुष मुंबईस नोकरीवर आणि वृद्ध माणसें व बायकामुलें गांवीं, अशी घरोघरची स्थिति होती. पोस्टमन दाराशीं येई, सही किंवा अंगठा घेई आणि रक्कम मोजून हातीं ठेवी. ती मिळावी म्हणून घरांतल्या कोणासही आधीं पदरचे पैसे भरावे लागत नसत. कमिशन पाठविणाराच भरी. आज तोच पैसा मोबाइलवर येतो. साधन बदललें, पण हा साधा नियम बदललेला नाहीं. तो ध्यानांत ठेवला, तर समाजमाध्यमांवर सुळसुळाट झालेल्या खोट्या खेळांचें पितळ उघडें पडण्यास वेळ लागत नाहीं.

या ठकांचें पहिलें हत्यार म्हणजे ओळखीचा चेहरा. जानेवारी 2024 मध्यें सचिन तेंडुलकर यांची एक चित्रफीत सर्वत्र फिरूं लागली. तींत ते एका मोबाइलवरील खेळाची भलावण करीत होते आणि आपली मुलगी त्यावर रोज मोठी कमाई करते, असें सांगत होते. ती चित्रफीत बनावट असल्याचें खुद्द तेंडुलकरांनीं 15 जानेवारी रोजीं जाहीर केलें, व पुढें मुंबई पोलिसांनीं गुन्हाही नोंदविला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें आतां कोणाच्याही तोंडीं कोणतेंही वाक्य घालतां येतें. शिवाय खरा चेहराही पुरेसा पुरावा नव्हे. एका ऑनलाइन खेळाच्या खऱ्या जाहिरातींत तेंडुलकर दिसले, म्हणून आमदार बच्चू कडू यांनीं ऑगस्ट 2023 मध्यें त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलें होतें. खरी जाहिरात पाहिलेल्या सामान्य माणसास खोटीचा संशय तरी कसा यावा? म्हणून चेहऱ्याकडे न पाहतां पैसा कोणत्या दिशेनें जात आहे, तें पाहावें.

दुसरें हत्यार याहून घातक आहे. आरंभीं खरोखरच पैसे मिळतात! कोलकात्याच्या ‘ई-नगेट्स’ या खेळाच्या ॲपवर लोकांस प्रथम कमिशन मिळे आणि शिल्लक रक्कम विनासायास काढतां येई. विश्वास बसून लोकांनीं मोठ्या रकमा भरल्या, तेव्हां यंत्रणेंत सुधारणा चालू असल्यासारख्या सबबी पुढें करून पैसे काढणें एकाएकीं बंद झालें. सप्टेंबर 2022 मध्यें सक्तवसुली संचालनालयानें छापा घातला, तेव्हां 17 कोटींहून अधिक रोकड सांपडली. आपल्या राज्यांतही जुलै 2023 मध्यें नागपूरच्या एका व्यापाऱ्यानें ऑनलाइन जुगारांत 58 कोटी रुपये गमावल्याचें प्रकरण उघडकीस आलें, आणि पोलिसांनीं गोंदियास घातलेल्या छाप्यांत कोट्यवधींची रोकड व सोनें हातीं लागलें. मिरकरवाड्याच्या बंदरावर कोणासही विचारावें: गळाला लावलेलें आमिष माशाचें पोट भरण्यासाठीं नसतें.

मग ओळखावें कसें? पहिली खूण ही कीं, असें ॲप बहुधा नेहमींच्या दुकानांतून न येतां व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा फेसबुकवरील दुव्यावरून ‘एपीके’ फाइल म्हणून उतरवावयास सांगतात. त्यास संदेश वाचण्याची मुभा दिली, कीं बँकेचा ओटीपीही चोराच्या हातीं पडतो. दुसरी खूण: पैसे कंपनीच्या नांवें न घेतां कोणा व्यक्तीच्या खात्यांत, तेंही दर वेळीं निराळ्या, भरावयास लावतात. तिसरी खूण सर्वांत पक्की. जिंकलेली रक्कम काढूं जातां आधीं ‘कर’ किंवा ‘अनामत’ मागतात. खऱ्या बक्षिसावरील प्राप्तिकर त्या रकमेंतूनच कापला जातो. तो वेगळा आणून भरावा लागत नाहीं. तसेंच यूपीआयवर पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. पिन मागितला, कीं पैसा आपल्या खात्यांतून जाणार, हें निश्चित समजावें.

शिवाय संसदेनें ऑगस्ट 2025 मध्यें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणें व त्यांची जाहिरात करणें हे गुन्हे ठरविले. तेव्हां ‘खेळा आणि कमवा’ अशी हांक ऐकूं आली, तर हा खेळ खरा कीं खोटा, हा ऊहापोह करण्याचेंही कारण उरत नाहीं.

इतकें करूनही कोणी फसलाच, तर तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावें आणि बँकेसही सांगावें. चोर तो पैसा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत झपाट्यानें फिरवितात. वेळेवर कळविल्यास तो वाटेंतच गोठवितां येण्याचा संभव असतो. संदेश, दुवे व व्यवहारांचे क्रमांक मात्र पुसूं नयेत. तोच पुरावा होय.

या कामीं खरा अडसर यंत्राचा नसून लाजेचा असतो. आपण सुशिक्षित असून फसलों, हें घरांत सांगण्यास मनुष्य कचरतो. मुलगा वडिलांपासून लपवितो, तसेच आजोबा सुनेपासून. मग गेलेली रक्कम भरून काढण्याच्या आशेनें आणखी पैसे घालतात, प्रसंगीं कर्जही काढतात. यास्तव घरांतील कोणी असें कांहीं सांगूं लागला, तर ‘तुला कळत नव्हतें का?’ हा ओठावर आलेला प्रश्न गिळावा आणि आधीं 1930 लावावा. बोल लावण्यास पुढें वेळ पुष्कळ मिळतो. पैसा थांबविण्यास तो फार थोडा असतो.