परसबागेचा जमाखर्च

बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या ठेवींचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने भाजीपाल्यावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. आम्ही काही कृषी पदवीधर नाही. कला शाखेचे विद्यार्थी. पण वर्ध्याच्या आमच्या घरामागे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे, आणि गेल्या बारा-तेरा वर्षांत तिने घरची निम्मीअधिक भाजी आम्हाला पुरवली आहे. शहरात तिला परसबाग म्हणतात, खेड्यात आमची आई सांदवाडी म्हणायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, त्याही बटाट्यासारखी कंदमुळे वगळून. पाच माणसांच्या घरात हा आकडा रोज दोन किलोवर जातो. महिनाअखेरीस बाजारात पिशवी घेऊन उभे राहिले, म्हणजे या दोन किलोंचा अर्थ कळतो. पगारदारांच्या आणि मजुरी करणाऱ्यांच्या घरात सर्वांत आधी काटछाट होते ती भाजीवरच, आणि तिची किंमत मुले मोजतात. म्हणून परसबाग हा केवळ रिकाम्या वेळेचा छंद नव्हे, असे आम्हाला वाटते.

हवामान बेभरवशाचे झाले, मग करावे काय?

पूर्वी नक्षत्रे पाहून पेरणी होत असे. आता ऋतूंनी वेळापत्रक पाळणे सोडले आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. विदर्भाच्या बऱ्याच भागाला मात्र जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली.

२०१४ ची गारपीट आमचा पहिला धडा होती. आम्ही सारी मेथी, पालक, सांबार एकाच रविवारी पेरला होता आणि टोमॅटोची सारी रोपेही एकाच दिवशी लावली होती. पंधरा मिनिटांच्या गारांनी सगळे झोपवले. सारी पुंजी एकाच खात्यात ठेवू नये, हे ग्राहकांना सांगणारे आम्ही, स्वतः मात्र तेच करून बसलो होतो! तेव्हापासून पालेभाजीचा वाफा तीन भागांत वाटतो आणि दर पंधरा दिवसांनी एक भाग पेरतो. शिवाय दहा-पंधरा रोपे जुन्या डब्यांत, पडवीत राखून ठेवतो. एक पेरणी बुडाली तरी दुसरी हाती लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पिवळे पडून कुजते. यावर उपाय म्हणजे गादीवाफा. जमिनीपासून वीतभर उंच वाफा करावा, त्यात शेणखत व थोडी वाळू मिसळावी आणि दोन वाफ्यांमधून पाणी निघून जाईल अशी चरी ठेवावी. तीच काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा झाडांच्या बुडाशी वाळलेल्या पाल्याचे किंवा तणसाचे दोन-तीन इंच जाड आच्छादन घालावे. ओल टिकते, तण कमी येते आणि पाल्याचे पुढे खत होते.

तिसरी गोष्ट उन्हाची. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोची फुले गळतात, कारण उष्णतेने परागकण निकामी होतात. पुष्कळ लोक अशा वेळी खत वाढवतात, ते व्यर्थ आहे. मे महिन्यात टोमॅटोच्या नादी न लागता गवार, भेंडी, बरबटी यांवर भर द्यावा. ही पिके ऊन पुष्कळ सोसतात. पालेभाजी हवीच असेल तर पश्चिमेकडून हिरवी जाळी किंवा जुने धोतर बांधून दुपारची सावली करावी. पाणी सकाळी लवकर द्यावे.

न बोलावलेले पाहुणे

हवामानापेक्षा अधिक संयम शिकवतात ती जनावरे. आमच्याकडे वानरांची टोळी येते. एक वानर दोडक्याच्या मांडवावर बसले की मांडव खाली आलाच. फटाके, डबे वाजवणे, बुजगावणे हे सर्व आम्ही करून पाहिले. चार दिवसांत ती त्याला सरावतात. वानर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, हेही ध्यानात ठेवावे. तेव्हा दोनच गोष्टी उपयोगी पडल्या. एक, गल्लीतल्या सर्वांनी त्यांना पोळी-केळी देणे बंद करणे. हातून खाणारे वानर माणसाला भीत नाही. दुसरी, बांबूच्या कमानींवर जाळी घट्ट ताणून वाफा झाकणे. कडेच्या उघड्या जागेत आम्ही सुरण, हळद, आले, मिरची लावतो. आमच्याकडे तरी वानरे त्यांच्या वाटेला फारशी जात नाहीत.

मोकाट गाई आणि डुकरे यांना अडवण्यासाठी कुंपण तळाशी पक्के हवे. डुक्कर वरून उडी मारत नाही, खालून मुसंडी मारते. गोगलगायींचा उपद्रव पावसाळ्यात फार. २०२२ मध्ये लातूर, बीड भागात त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ टाकावे. पहाटे त्याखाली गोगलगायी जमतात. हातात पिशवी घालून त्या उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यावर मात्र कधीही टाकू नये. त्याने जमीन बिघडते.

मावा व अळीसाठी निंबोळी अर्क पुरतो. एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्यात, कपड्यातून गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

आमची एक चूक

घूस या पाहुणीविषयी लिहिताना मात्र लेखणी अडखळते. २०१६ च्या पावसाळ्यात घुशीने खतखड्ड्याखाली बिळे केली आणि रताळ्याचा वेल मुळासकट नेला. रागाच्या भरात आम्ही कणकेच्या गोळ्यांत विष घालून बिळापाशी ठेवले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंची मांजर कुंपणापाशी मरून पडलेली दिसली. काकू एकट्या राहतात. त्या भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘‘भाऊ, माझं तरी तेवढंच होतं घरात.’’ त्यानंतर वर्षभर त्यांनी आमच्या अंगणात पाऊल ठेवले नाही. उद्या आमच्याच गल्लीतले एखादे मूल तिथे खेळत असते तर? हा विचार आजही झोप उडवतो.

घूस ओल्या कचऱ्याच्या वासाने येते, हे आम्हाला नंतर उमगले. उघडा खड्डा बुजवला. भोके पाडलेल्या, झाकणाच्या ड्रममध्ये खत करू लागलो व ड्रमखाली लोखंडी जाळी अंथरली. पिंजरा लावतो, पण विष नाही. पावसाळ्यात मातीत हात घालताना रबरी हातमोजे व बूट घालतो, कारण उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा रोग पसरतो. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणारे महाभागही आहेत. त्याने माणसे मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

पुढच्या वर्षी जुलैच्या झडीत आमची बरबटी दोनदा कुजली. बियाणे संपले. एके सकाळी काकूंनी कुंपणावरून राखेत ठेवलेले मूठभर बी पुढे केले. त्यांच्या माहेरचे जुने वाण. आजही आमच्या मांडवावर तीच बरबटी चढते, आणि पहिला तोडा काकूंच्या घरी जातो.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

जागा नाही, ही सबब सांगू नका. फुटक्या बादलीला खाली भोके पाडली की मेथी उगवते. बरबटी, भेंडी, अंबाडी यांचे घरचे बी राखा. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. एक वही करा. पेरल्याची तारीख, पाऊस, कीड, तोडा सारे लिहा. तीन वर्षांनी ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा तुमच्या अंगणाविषयी अधिक सांगेल.

आमच्या वहीत तोट्याची पाने पुष्कळ आहेत. परंतु त्यातल्या एका पानावर मूठभर बियांची नोंद आहे, आणि ती जमा कोणत्या खात्यात लिहावी, हे आम्हा बँकवाल्यांना अजून ठरवता आलेले नाही.