विश्लेषण : वनशास्त्र म्हणजे नुसती झाडे लावणे नव्हे, मग ही पदवी शिकवते तरी काय?

बारावीचा निकाल लागला, की ‘मेडिकल नाही, इंजिनीअरिंग नको, मग कृषी’ ही वाट नगरकडचे अनेक विद्यार्थी धरतात. त्याच प्रवेशप्रक्रियेत पसंतीक्रम भरताना एक नाव बरेचदा न वाचताच पुढे सरकवले जाते : बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र. ‘आपल्याकडे जंगल आहेच कुठे?’ हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. अकोले तालुक्यातला सह्याद्री सोडला तर अहिल्यानगर (अहमदनगर) हा पर्जन्यछायेतला, माळरानांचा जिल्हा आहे, हे खरेच. पण जंगल कशाला म्हणायचे आणि ते कसे सांभाळायचे, यावरचे मोठे वाद समजून घ्यायला हाच जिल्हा सोयीचा आहे.

ही पदवी कुठे मिळते?

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना 1968) जिल्ह्यातच आहे. तिथल्या कृषी पदवीत वनशास्त्राची तोंडओळख होते. चार वर्षांची स्वतंत्र पदवी हवी असेल, तर मात्र घर सोडावे लागते. त्यासाठी दापोलीचे बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे राज्यातले जुने पर्याय (हे विदर्भातले अकोला, आपले अकोले नव्हे). बारावी विज्ञान आणि सीईटी ही प्रवेशाची वाट. पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी. किंवा भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत व्यवस्थापनाचे शिक्षण घेता येते.

‘शाश्वत व्यवस्थापन’ म्हणजे नेमके काय?

शब्द जड आहे, पण विहिरीवर मोटर चालवणाऱ्याला तो लगेच कळेल. रात्रभरात झऱ्यातून जेवढे पाणी येते, तेवढेच दिवसा उपसायचे. त्याहून जास्त उपसा झाला, की विहीर तळ गाठते. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या भट्ट्यांसाठी जंगले संपू लागली, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण अधिकाऱ्याने 1713 मध्ये हाच विचार पुस्तकात मांडला. भारतात ब्रिटिशांनी 1864 मध्ये पहिले वन महानिरीक्षक नेमले, तेही जर्मनच : डिट्रिख ब्रँडिस. आजही वन विभाग साधारण दहा वर्षांसाठी ‘कार्य आयोजना’ तयार करतो. कुठल्या पट्ट्यात किती झाडे आहेत, त्यांची वर्षाला वाढ किती, काय काढायचे आणि काय राखायचे, हे तिच्यात ठरते.

म्हणूनच या पदवीत मोजणी भरपूर असते. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, उंची काढायची, त्यावरून लाकडाचे घनफळ. त्याशिवाय माती, बियाणे, रोपवाटिका, वन्यजीव, लाकूडशास्त्र आणि वन कायदे.

पण सगळे काही टेपने मोजता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 चे, क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. या परिसरातली आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. त्यातला बाळहिरडा म्हणजे कच्चे फळ. सगळीच कच्ची फळे उतरवली तर बी कुठून पडणार? आणि गोळा करायला बंदी घातली तर त्या घरांच्या हातातल्या रोख पैशाचे काय? 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा आता प्रश्न बंदीचा नसून किती आणि कसे घ्यायचे याचा आहे. भंडारदऱ्याच्या काजव्यांचेही तसेच. मे-जूनमध्ये रात्री किती गाड्या आत सोडायच्या, हासुद्धा वन व्यवस्थापनाचाच प्रश्न.

झाडे नसलेल्या जागेचे वनशास्त्र असते का?

असते, आणि आपल्या जिल्ह्यासाठी तेच जास्त महत्त्वाचे. देशाच्या वनस्थिती अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची छाया किमान 10 टक्के असेल, तर ती जमीन वनाच्छादनात धरतात. मालकी कोणाची आणि झाड कोणते, हे पाहिले जात नाही. म्हणजे दाट आमराई मोजली जाऊ शकते, पण उघडे गवताळ माळरान नाही.

कर्जत तालुक्यातले देऊळगाव-रेहेकुरी अभयारण्य 1980 मध्ये काळविटांसाठी जाहीर झाले. क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. काळवीट हा मोकळ्या माळावरचा प्राणी. धोका दुरून पाहायचा आणि धूम ठोकायची, हा त्याचा बचाव. अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणून खड्डे खोदून झाडे लावली, तर वृक्षारोपणाचा आकडा वाढेल, फोटोही छान येतील. काळविटाचे घर मात्र जाईल. कुठे झाड लावायचे नाही, हे सांगू शकणारा माणूस गावोगावच्या वृक्षारोपण मोहिमांत क्वचितच दिसतो.

जंगल संपते तिथे वन्यजीव संपत नाहीत, हेही इथेच दिसले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतीपट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार तिथे 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. उसात बिबट्या दिसला, की ‘जंगलातून आला’ हे आपले ठरलेले वाक्य. प्रत्यक्षात तो तिथलाच रहिवासी असू शकतो.

गावांनी करून दाखवले आहे, मग पदवी कशाला?

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1990 च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. मोकळी जनावरे सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापून न्यायचे. झाडोरा परतला, चारा वाढला, दूध वाढले. इथे पदवीधरांआधी ग्रामसभा पुढे आली, हे मान्यच. पण अशी गावे बोटांवर मोजण्याइतकी. इतर गावांच्या डोंगरावर कोणते गवत टिकेल, किती जनावरे पोसतील, चर कुठे खोदायचे, हे मोजून सांगायला शिकलेली माणसे लागतात.

नोकरीचे काय?

इथे स्पष्ट बोललेले बरे. पदवी घेतली म्हणजे वन विभागात जागा ठरली, असे नाही. एमपीएससीची वनसेवा परीक्षा आणि यूपीएससीची भारतीय वनसेवा, दोन्ही विज्ञान, कृषी आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही खुल्या आहेत (प्रस्तुत लेखकही पात्रतेत बसतो). म्हणजे चार वर्षे वनशास्त्र शिकलेल्याला मेकॅनिकलवाल्याशीही स्पर्धा करावी लागते. जागा मोजक्या, परीक्षा लांबणाऱ्या. केवळ वर्दीसाठी ही शाखा निवडणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता जास्त. रोपवाटिका, कृषी-वनीकरण, लाकूड उद्योग, पाणलोट आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्था, संशोधन हे इतर पर्याय आहेत. मात्र तिथे सुरुवातीचा पगार आणि कामाचे ठिकाण प्रवेशाआधीच माजी विद्यार्थ्यांकडून विचारून घ्यावे.

आणि वर्दीच हवी असेल, तर अभ्यासाबरोबर पायांकडेही लक्ष द्यावे. भारतीय वनसेवेच्या निवडीत पुरुषांना चार तासांत 25 किलोमीटर, तर महिलांना 14 किलोमीटर चालून दाखवावे लागते.