फिनलंडच्या शाळेतली पंगत

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. फिनलंडमधल्या शाळा बघून आल्यापासून गटातल्या बाया मला एकच विचारतात, "बाई, तिथली पोरं एवढी हुशार कशी?" त्यावर सांगण्यासारखं बरंच आहे, पण आज मी बोलणार आहे जेवणाबद्दल.

फिनलंड हा युरोपातला अगदी उत्तरेचा देश. वस्ती साधारण ५५ लाख, आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. हिवाळ्यात मुलं अंधारातच शाळेत येतात. बूट दारात काढून मोज्यांवर वर्गात जातात, ते पाहून मला एकदम घरचं वाटलं. पहिलीत मूल जातं सातव्या वर्षी. पाऊण तास शिकायचं, मग पंधरा मिनिटं बाहेर खेळायचं, थंडी असली तरी. मुलगे सुई-दोरा हातात धरतात, मुली करवत चालवतात. पहिली ते नववी बोर्डाची परीक्षा नाही. हे सगळं ऐकून आपल्याकडे कुणी म्हणेल, श्रीमंत देश, त्यांना परवडतं. मीही तेच मनात धरून गेले होते.

तो देश श्रीमंत झाला तो अलीकडे. १८६६ ते १८६८ या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला, खूप माणसं मेली. लोक पाइनच्या झाडाची साल वाळवून, दळून पिठात मिसळायचे. पुढे १९३९ पासून युद्ध. आणि ते युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, त्यांनी कायदा केला की शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज फुकट जेवण मिळालं पाहिजे. गावांना तयारीसाठी पाच वर्षं दिली. १९४८ पासून ते सगळीकडे लागू झालं. सगळ्याच मुलांना असं जेवण देणारा तो पहिला देश. गरिबाला वेगळं, श्रीमंताला वेगळं असं काही ठेवलं नाही, म्हणून ताट घ्यायला कुणाला लाज वाटायची गोष्टच नाही.

सुरुवातीला जेवण म्हणजे पेज नाहीतर सूप. भाकरी आणि दूध मुलं घरून आणायची. शाळेसाठी भाजी पिकवायला आणि रानातली बोरासारखी फळं वेचायला मुलांनी हात लावायचा, असंही कायद्यात होतं.

आता मी पाहिलं ते सांगते. सकाळी अकराच्या सुमारास मुलं रांगेनं येतात, आपलं आपण वाढून घेतात. सुरुवातीलाच एक नमुन्याचं ताट मांडलेलं असतं. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव भागात बटाटा किंवा भात, उरलेल्या पाव भागात मासे, मटण नाहीतर डाळी-कडधान्यं. सोबत दूध आणि राय धान्याची काळपट भाकरी. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, ते गव्हासारखं धान्य असतं.) गुरुवारी अनेक ठिकाणी वाटाण्याचं सूप. ते मला आपल्या वाटाण्याच्या आमटीसारखं लागलं, फक्त तिखटावाचून. शाकाहारी मुलांची वेगळी सोय असते.

पण मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. शिक्षक मुलांबरोबर बसून तेच जेवत होते. तिथे जेवणाची वेळ हा शिकवण्याचाच भाग धरतात. किती वाढून घ्यावं, शेजारच्याशी कसं बोलावं, ताट कुठे ठेवावं, हे तिथे शिकवतात. आणि हे जेवण आठवीला थांबत नाही. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांनाही मिळतं.

आपल्याकडे १९९५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हा अनेक ठिकाणी मुलांना कोरडे तांदूळ मिळायचे. शिजवलेलं अन्न द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सांगितलं. आज कितीतरी शाळांत तुमच्यासारख्या गटातल्या बायाच तो भात शिजवतात. पण खरं सांगू? त्या वेळात आम्ही शिक्षक कार्यालयात बसून डबा खायचो. पोरांची पंगत कधी उठली, हेही कळायचं नाही.

यंदा जूनपासून मी पंगतीत बसते. पहिल्या दिवशी शिजवणाऱ्या ताईंनी माझ्याकडे संशयानंच पाहिलं, त्यांना वाटलं तपासणीच आली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "बाई, डाळ पातळ झाली का हो?" मी म्हटलं, थोडी झाली. तर तिसरीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "काल पण झाली होती, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही."