एका गोळीत दोन, एका गोळीत तीन

मुलुंडच्या हेक्स्टची डाओनिल वेगळी आणि मेटफॉर्मिनची गोळी वेगळी, असा मधुमेह ठाणे-डोंबिवलीतल्या जुन्या पेशंटांना आठवत असेल. मग दोन औषधं एकाच गोळीत आली आणि त्यांनी बाजार व्यापला. गोवंडीच्या यूएसव्हीची ग्लायकोमेट-जीपी तर इतकी रुळली, की डोंबिवली स्टेशनबाहेर औषधाच्या दुकानात लोक नुसतं ‘जीपी वन द्या’ म्हणतात.

यातला ‘वन’ किंवा ‘टू’ हा आकडा ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा. नेहमीच्या गोळीत मेटफॉर्मिन दोन्हींत 500 मिलिग्रॅमच. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं, ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ‘वन’ची ‘टू’ झाली की शुगर एकदम उतरण्याचा धोकाही वाढतो. सकाळी गोळी घेतली, संकष्टी म्हणून नाश्ता टाळला आणि गाडी मुंब्र्याला अडकली, की घाम फुटतो, हात थरथरतात. डब्यातल्यांना वाटतं, गर्दीने चक्कर आली. हे गोळी लिहून देतानाच सांगायला हवं, आणि खिशात साखर ठेवायलाही.

दोनात तिसरं मिसळलं पायोग्लिटाझोन. जून 2013 मध्ये केंद्राने त्यावर बंदी आणली आणि जुलैअखेर उठवलीही, मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर. त्या सहा आठवड्यांत किती घरांत गोंधळ उडाला असेल!

खरा झगडा पुढचा. 10 मार्च 2016 ला 344 मिश्र औषधांवर बंदी आली, ती चंद्रकांत कोकाटे समितीच्या अहवालावरून. कोकाटे तेव्हा बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू. कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरात बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने वर्षभराने फेरतपासणी सांगितली, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 औषधं बंद झाली. त्यांत ग्लिमेपिराइड-पायोग्लिटाझोन-मेटफॉर्मिनच्या काही तिहेरी गोळ्याही होत्या. मला समितीची भूमिका रास्त वाटते. मूत्रपिंड थकलं की मेटफॉर्मिन कमी करावं लागतं. तिहेरी गोळीत ते एकटं कमी करताच येत नाही. पण दिवसाच्या पाच गोळ्यांच्या दोन झाल्या की माणूस त्या नेमाने घेतो, हेही तितकंच खरं.

त्यानंतर चित्र पालटलं ते मधुमेहाच्या नव्या औषधांची पेटंट संपल्यामुळे. 2019 च्या अखेरीस व्हिल्डाग्लिप्टिन, 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिन, 2022 मध्ये सिटाग्लिप्टिन, मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन. जनऔषधी केंद्रात 2022 मध्ये सिटाग्लिप्टिन-मेटफॉर्मिनच्या दहा गोळ्या 65 रुपयांना आल्या. जेवण चुकलं तरी या नव्या औषधांच्या मेटफॉर्मिनसोबतच्या जोडगोळ्या सहसा शुगर पाडत नाहीत. पहाटेची लोकल धरणाऱ्या पेशंटने आपली गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना आता जरूर विचारावं. पूर्वी हा प्रश्न पैशापाशीच अडायचा.