जुना प्रोजेक्टर, नवी वायर

दादरचं पोर्तुगीज चर्च पाहिलंय ना? १५९६ साली स्थापन झालेल्या या चर्चची आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली, १९७७ मध्ये. अशा प्रशस्त प्रार्थनागृहात शेवटच्या बाकावरच्या आजींना गीताचे शब्द कसे दिसणार? म्हणून हल्ली बऱ्याच चर्चमध्ये पडदे आणि प्रोजेक्टर लावतात. आणि मग अडचण येते : कॉम्प्युटर नवा, प्रोजेक्टर जुना!

जुन्या प्रोजेक्टरला पंधरा छिद्रांचं, बहुधा निळं व्हीजीए सॉकेट असतं. ही पद्धत १९८७ची. तिच्यात चित्र विजेच्या कमी-जास्त दाबाने जातं. वायर लांबली की अक्षरं पुसट! नव्या एचडीएमआयमधून मात्र चित्र आकड्यांच्या रूपात जातं. दोघांची भाषाच वेगळी. मध्ये दुभाष्या हवा, तो म्हणजे कन्व्हर्टर नावाची छोटीशी डबी.

ती बसवायची कुठे? कॉम्प्युटरपाशी नव्हे, प्रोजेक्टरपाशी! म्हणजे लांबचा प्रवास आकड्यांतच होतो. उद्या प्रोजेक्टर बंद पडला, तर डबी काढून नवा जोडायचा. भिंतीतली वायर तशीच. साधी एचडीएमआय केबलही फार लांब नेली की दगा देते बरं का! तिथे नेटवर्कची केबल वापरतात, दोन्ही टोकांना एकेक पेटी लावून.

एक चित्र चार पडद्यांवर न्यायला स्प्लिटर लागतो. तो सगळ्यांना सारखंच वाढतो. म्हणून सर्वांत जुन्याला झेपेल एवढंच द्यावं.

सगळेच प्रोजेक्टर बदला, असं सांगणारा विक्रेता भेटेलच. पण पैसा लोकांच्या दानाचा. उजेड पुरेसा असेल, तर आधी वायरी बदलाव्यात.

तुमच्या शाळेतल्या प्रोजेक्टरला कोणतं सॉकेट आहे? बाईंना विचारून बघा.