ऋण काढून नाताळ नको



ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. ही म्हण आपल्याला पाठ आहे, मुलांनाही आपण ती शिकवतो. तरीसुद्धा डिसेंबर उजाडला की अनेक घरांत नवे कपडे, फराळ, केक, रोषणाई, पाहुणे आणि भेटवस्तू यांचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबाचा शेवट सावकाराच्या दारात किंवा गहाणाच्या पावतीवर होतो. हा खर्च शेतकऱ्याला इतका जड का जातो, त्यातला कोणता भाग खरोखर सणाचा आहे, आणि उरलेला भाग कोणाचे मन न दुखावता कसा सोडता येईल, याचा विचार या लेखात करू.

धान्य घरात, पैसा बाहेर

नाताळ आपल्या सीमाभागात अडचणीच्या वेळी येतो. खानापूरकडे भाताची कापणी आणि मळणी नोव्हेंबर-डिसेंबरात चालते. मजुरी रोख द्यावी लागते, मळणीयंत्राचे भाडे द्यावे लागते, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा टाकायचा तर बियाणेही हवे. उसाच्या पट्ट्यात तोड सुरू झालेली असते, पण बिल हातात आलेले नसते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास सालिना १५ टक्के व्याज मिळाले पाहिजे. पण या हक्काच्या भरवशावर दुकानात उधारी करणे शहाणपणाचे नाही. बिल लांबले तर दुकानदार थांबत नाही.

रोख पैसा नसला की घाईने भात विकले जाते. येथे दुहेरी नुकसान होते. भात साठवायचे तर त्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणावा लागतो. आधारभूत किमतीच्या खरेदीतही १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. २० टक्के ओलावा असलेले १०० किलो भात १४ टक्क्यांपर्यंत वाळवले तर ते सुमारे ९३ किलो भरते. म्हणजे खरी घट ७ किलोची. पण ओले भात दारात घेणारा व्यापारी नजरेच्या अंदाजाने कापतो, आणि भावही कमी लावतो, कारण तुमची घाई त्याला ठाऊक असते. नाताळच्या तारखेसाठी ओले भात विकू नका. चार-पाच उन्हे द्या, मग बाजार पाहा.

व्याजाचे गणित

समजा, एका घराने सणासाठी २०,००० रुपये दरमहा शेकडा ३ रुपयांनी घेतले. तीन रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण महिन्याला ६०० रुपये व्याज झाले, आणि पुढच्या सुगीपर्यंत वर्ष गेले तर ७,२०० रुपये झाले. मुद्दल तसेच उभे. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. त्या भावानेसुद्धा तीन क्विंटलांहून जास्त भात केवळ व्याजापायी जाते. चार दिवसांच्या सणासाठी एवढे भात देणे कोणाला परवडते?

सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज स्वस्त असते, म्हणून त्यातून सण उरकावा असे काहींना वाटते. पण ते पैसे खत-बियाण्यासाठी असतात, आणि ते वेळेवर फेडले तरच व्याजाची सवलत टिकते. सणात खर्च झालेले पीककर्ज शेतात उगवत नाही. गटाने दिलेल्या लहान कर्जाचे हप्ते तर आठवड्याला येतात. वसुलीतील छळाविरुद्ध कर्नाटकात २०२५ साली कायदा झाला हे चांगले झाले, परंतु कायदा छळ थांबवील, हप्ता थांबवणार नाही.

सण कशाने होतो?

चर्चची आज्ञा साधी आहे. ख्रिस्तजन्माच्या दिवशी मिस्साबलीत सहभागी व्हावे आणि भक्तीत व विश्रांतीत आड येणारी कामे बाजूला ठेवावीत. नव्या साडीची, केकची किंवा चांदणीच्या दिव्यांची आज्ञा कोठेही नाही.

पवित्र कुटुंबाने स्वतः काय केले ते पाहा. संत लूक सांगतो की बाळ येशूला मंदिरात अर्पण करण्यासाठी मरिया आणि योसेफ यरुशलेमला गेले, तेव्हा त्यांच्या हातात होले किंवा पारवे अशा दोन पक्ष्यांचे अर्पण होते. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीने एक वर्षाचे कोकरू आणि एक पक्षी आणावा असा नियम आहे, आणि जिला कोकरू परवडत नाही तिने दोन पक्षी आणावेत अशी सोय आहे. म्हणजे देवानेच नियमात गरिबासाठी जागा ठेवली होती. योसेफ सुतार होता, कष्टाळू होता. कोकरासाठी कर्ज काढले असे शास्त्र सांगत नाही. त्याने गरिबाचे अर्पण उघडपणे, मंदिरात, चारचौघांसमोर केले. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

गव्हाणीच्या देखाव्याचा आरंभही असाच साधा आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावाजवळ संत फ्रान्सिस असिसीकर यांनी डोंगरातील गुहेत गवत, बैल आणि गाढव आणवून नाताळच्या रात्री मिस्सा साजरा करविला. सजावट विकत आणली नाही, शेतकऱ्याच्या घरी असते तेच आणले.

बाकीच्या पुष्कळ चाली बऱ्याच अलीकडच्या आणि दूरदेशीच्या आहेत. सजवलेले झाड जर्मन घरांतले. इंग्लंडमध्ये त्याचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. छापील नाताळपत्र १८४३ साली लंडनमध्ये निघाले. लाल कोटातला हसरा म्हातारा आज सगळीकडे दिसतो. त्याचे मूळ चौथ्या शतकातील मायराचे बिशप संत निकोलस, पण त्याचा आजचा चेहरा घरोघरी पोहोचला तो १९३१ पासून एका अमेरिकन शीतपेयाच्या जाहिरातींनी. या गोष्टी वाईट नाहीत. ज्याला हौस आणि ऐपत आहे त्याने कराव्यात. पण त्या न केल्याने नाताळ अपुरा राहत नाही. श्रीमंत देशांतही या ओझ्याचा कंटाळा आला आहे. अमेरिकेत बिल मॅकिबेन या लेखकाने १९९८ साली घरटी शंभर डॉलरांत नाताळ करण्याचा विचार पुस्तकरूपाने मांडला, आणि कॅनडातील मेनोनाइट पंथाच्या काही ख्रिस्ती लोकांनी २००१ साली खरेदीविना नाताळाची चळवळ सुरू केली.

एकट्याने का सुटत नाही?

हे सारे पटले तरी आपण थांबतो, कारण नाताळचा खर्च ही देवघेव आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या घरून पाच जिनसांचे ताट आले, म्हणून यंदा आपल्याकडून सहा जिनसांचे जाते. दिवाळीत हिंदू शेजारी करंज्या-चकल्या पाठवतात, त्यांची परतफेड नाताळला करायची असते. नणंदेने मुलांना कपडे केले, तिच्या मुलांना कसे चुकवायचे? धर्मपिता-धर्ममातेची भेट, जावयाचा मान, माहेरवाशिणीची पिशवी, असे एकाचे घेणे दुसऱ्याचे देणे होते, आणि दरवर्षी ते थोडे थोडे चढत जाते. यात कोणीही लोभी नसतो. प्रत्येकाला दुसऱ्याची लाज राखायची असते. दोन्ही घरे कर्जात असली तरी दोन्ही घरे हसतमुखाने ताट पाठवतात.

अशा देवघेवीतून कोणी एकटा, गुपचूप बाहेर पडला तर त्याला कंजूष म्हणतात किंवा तो रुसला असे समजतात. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, खर्च कमी करायचा तर आधी सांगून करावा. डिसेंबरच्या विसाव्या तारखेला नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माघार घेण्याचा पहिला मान ज्याला परवडते त्याचा आहे. गरीब घराने ताट लहान केले तर लोक म्हणतात, अडचणीत आहेत. बागायतदाराने, नोकरदाराने, वाड्यातल्या मोठ्या घराने ताट लहान केले तर तोच रिवाज होतो, आणि दहा घरे सुटकेचा श्वास घेतात. ज्यांचे बरे चालले आहे त्यांनी आपल्या शेजाऱ्यासाठी एवढे करावे. हेही दानच आहे. चर्चची रोषणाई आणि त्यासाठीची वर्गणी यांनाही हाच नियम लागू आहे.

घरी काय करावे?

१. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्सानंतर, नवराबायको आणि मोठी मुले वही घेऊन बसा. म्हातारी माणसे असतील तर त्यांनाही बसवा. गेल्या नाताळचा प्रत्येक खर्च आठवून लिहा. त्यातले काय ठेवायचे, काय लहान करायचे आणि काय सोडायचे, ते समोर लिहा.

२. हातात आहे तेवढ्याच रोख रकमेचे पाकीट करा. पाकीट संपले की खरेदी संपली. येणारे उसाचे बिल त्यात मोजू नका.

३. नातेवाइकांना लगेच कळवा. शब्द साधे असावेत: "ताई, यंदा आम्ही मोठ्यांसाठी कपडे घेत नाही. तुम्हीही आमच्यासाठी घेऊ नका. मुलांना घेऊन जेवायला मात्र या." आधी सांगितल्याने तिचाही खर्च वाचतो.

४. फराळाचे दोनच जिन्नस करा, आणि शक्यतो घरच्या मालाचे. तांदूळ, गूळ, शेंगदाणे, नारळ यांतून लाडू, चिक्की, वड्या उत्तम होतात. शेजाऱ्यांना तेच द्या.

५. वाड्यात मिळून एकच गव्हाण करा. गवत, बांबू आणि माती आपल्याकडे आहे. मुलांना करू द्या.

६. आज्यांना आणि आजोबांना लहानपणच्या नाताळविषयी मुलांना सांगायला लावा. याला पैसा लागत नाही आणि मुले ते विसरत नाहीत.

आरोग्याचे दोन शब्द

सणाचे ओझे सर्वांत जास्त घरच्या बाईवर पडते. दिवसभर कापणी-मळणी आणि रात्री चुलीपुढे तळण, असे आठ दिवस चालले की नाताळच्या दिवशी ती आजारी तरी पडते किंवा मिस्सात डुलक्या घेते. जिन्नस कमी केले तर तिची झोप वाचते, धुरात बसणेही कमी होते. तळणाला पुरुषांनी आणि मुलग्यांनीही हात लावावा.

एकदा तळलेले तेल काटकसरीपायी पुन्हापुन्हा तापवू नका. ते काळे, चिकट झाले, फेसाळू लागले किंवा लवकर धुरावू लागले की टाकून द्या, नव्या तेलात मिसळू नका. तळण थोडे केले तर तेलही उरत नाही.

मधुमेह असलेल्यांनी मध्यरात्रीच्या मिस्सासाठी जेवणाच्या वेळा मोडू नयेत आणि गोळ्या चुकवू नयेत. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास उपवास आहे, पण पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही, आणि वृद्ध व आजारी यांना, तसेच त्यांची सेवा करणाऱ्यांना, त्यातून सूट आहे.

काय कमी करू नये?

मजुरांची मजुरी कमी करू नये आणि लांबवू नये. नाताळच्या आधी ती चुकती करा. कापणाऱ्याची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असा इशारा संत याकोबाने आपल्या पत्रात दिला आहे. पापनिवेदन आणि मिस्सा चुकवू नका. आजाऱ्याच्या घरची भेट चुकवू नका.

आणि उसाच्या फडाकडे पाहा. बीड जिल्ह्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेले ऊसतोड कामगार डिसेंबरच्या थंडीत पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्या बायका बाळंत होतात त्याही अनेकदा तेथेच. बेथलेहेमचा गोठा कसा होता हे समजायला आपल्याला लांब जावे लागत नाही. वाचलेल्या पैशातून एक घोंगडी, बाळासाठी दूध किंवा एक वेळचे गरम जेवण तेथे पोहोचवा.

यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक वाड्याने एकत्र बसून आपापसात ठरवावे, आणि मोठ्या घरांनी बोलण्यास प्रथम सुरुवात करावी. जानेवारीत कोणत्याही घराच्या दारात सणाच्या वसुलीसाठी कोणी उभे नसेल, तर नाताळ चांगला झाला असे समजू. बाळ येशू आपल्या घरांना शांती देवो.