शोधशब्दांची निवड

पुण्यात घर शोधणारा मनुष्य संगणकापुढे बसला म्हणजे 'निवासी प्रकल्प' असे क्वचितच लिहितो. तो लिहितो, 'कोथरूड टू बीएचके भाड्याने'. घरांचे व्यवहार करणाऱ्या संकेतस्थळाने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. शब्द विकणाऱ्याचे नव्हेत, शोधणाऱ्याचे असावेत.

शब्दाचे वजन कसे ठरते? ब्रिटिश संशोधिका कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली असे मांडले की, जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो त्यास शोधात अधिक वजन द्यावे. समजा, १,००० पृष्ठे आहेत. 'घर' हा शब्द सर्वांत असल्यास १,००० भागिले १,००० म्हणजे १; १० या पायावर त्याचा लॉगरिथम शून्य. 'कोथरूड' १० पृष्ठांतच असल्यास भागाकार १०० व लॉगरिथम २. आजची शोधयंत्रे याखेरीज पुष्कळ गोष्टी पाहतात, हे खरे. तथापि केवळ 'घर' या शब्दावर हजारोंशी झुंजण्यात हशील नाही, हे यावरून उमगेल. अर्थात, अतिविरळ शब्दही निरुपयोगीच. तो कोणी शोधीत नाही.

पृष्ठाच्या अदृश्य शीर्षभागात शब्दांची यादी दडविण्याची युक्ती आता व्यर्थ होय. क्रमवारीसाठी ती यादी आपण जमेस धरीत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले. दूरच्या गावातील इमारतीस 'कोथरूड' हे नाव चिकटविणे तर याहून वाईट. आयुष्याची पुंजी गाठीस बांधून आलेले कुटुंब तेथवर जाते आणि रिकाम्या हाताने परत फिरते. तेथे त्या गावाचेच नाव लिहावे. ते शोधणारे थोडे असतील, पण येतील ते तेथेच घर घ्यावयास.